‘पान चार वेळा वाचलं, तरी डोक्यात शिरत नाही’

“मॅडम, पान चार चार वेळा वाचते, पण डोक्यात काही शिरत नाही. रात्री मात्र दीड-दोन वाजेपर्यंत सीरिज बघत बसते. माझा मेंदू बिघडत चाललाय का?”

मी समुपदेशक आहे. २०२० च्या शरदात हा प्रश्न माझ्याकडे किती जणांनी आणला! परीक्षेला बसलेली मुलं विचारायची, निवृत्त शिक्षक विचारायचे, लहान मुलांच्या आया विचारायच्या. महासाथ ओसरली, तरी प्रश्न गेलेला नाही. घरात मोठं आजारपण आलं, नोकरी डळमळीत झाली, जवळचं कुणी गेलं की तो परत येतो. म्हणून त्या ऑक्टोबरमधला एका बाईंचा महिना सविस्तर लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना ताई म्हणायचे, इथेही तसंच म्हणते.

ताई पन्नाशीला टेकलेल्या. एका ग्रंथालयात पंचवीस वर्षं नोकरी. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या ग्रंथालयाला कुलूप लागलं. ऑक्टोबरपर्यंत ते अर्धवट उघडलं होतं. ताईंना आठवड्यातून दोन दिवस जायचं, वाचकांनी दारातूनच पुस्तक घ्यायचं, परत आलेली पुस्तकं काही दिवस वेगळ्या कपाटात ठेवायची. उरलेले पाच दिवस घरी. नवरा शेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर. मुलगा शिकायला दूर, सुटीत येऊ शकला नव्हता. आई ऐंशीच्या पुढची, दुसऱ्या गावी भावाकडे.

पहिला व्हिडिओ कॉल १ ऑक्टोबरला, गुरुवारी झाला. ताई पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या, मुलाखतीला आल्यासारख्या. मागे पुस्तकांचं कपाट दिसत होतं. दहाएक मिनिटांनी त्यांनी लॅपटॉप थोडा वळवला आणि ते कपाट चौकटीबाहेर गेलं. मी काही बोलले नाही, पण ते माझ्या लक्षात राहिलं.

“माझ्याकडे लोक येतात, ताई काय वाचू म्हणून विचारतात. मी सांगतेही. पण मार्चपासून मी स्वतः एक पुस्तक धड पूर्ण केलेलं नाही, हे कुणाला माहीत नाही. लोकांना फसवतेय असं वाटतं.” मग हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्या वडिलांना शेवटी स्मृतिभ्रंश झाला होता. सुरुवात अशीच झाली होती का, ते आता आठवतेय.”

म्हणजे प्रश्न वाचनाचा होताच, पण त्याच्या तळाशी ही भीती होती. लक्ष लागत नाही म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात अशी एखादी भीती असते आणि ती शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर येते.

अशा वेळी मी आधी मन आणि शरीर दोन्ही तपासून घ्यायला सांगते. नैराश्याची तीव्रता पाहण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं, एवढंच ती विचारते. गुण ० ते २७. ताईंचे गुण मध्यम पट्ट्यात, म्हणजे १० ते १४ च्या दरम्यान आले. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर त्यांनी स्पष्ट ‘नाही’ दिलं. ते ‘हो’ असतं, तर आमचा पुढचा रस्ता पूर्ण वेगळा झाला असता आणि मनोविकारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावं लागलं असतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी ज्या उपायांबद्दल सांगणार आहे ते तशा अवस्थेत पुरे पडत नाहीत.

डॉक्टरांकडे जाऊन थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या, असंही सुचवलं. दोन्ही ठीक निघाले. डॉक्टरांनी त्यांना आणखी एक विचारलं, पाळीबद्दल. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या काळात झोप विस्कटते, शब्द पटकन आठवत नाहीत, लक्ष टिकत नाही, अशी तक्रार पुष्कळ बायका करतात. हे ताईंना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पन्नाशीच्या बाईने विसरभोळेपणाची तक्रार केली की आपण वय म्हणून सोडून देतो किंवा थेट भयंकर शंका काढतो. मधलं एवढं मोठं कारण कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

स्मृतिभ्रंशाच्या शंकेबद्दल मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला. “काल रात्री तुम्ही सीरिजचे तीन भाग बघितले. त्यात काय झालं, सांगता?”

ताई सुरू झाल्या आणि अडखळल्या. पहिल्या भागाची सुरुवात आठवत होती. मध्ये कुणीतरी कुणाच्या तरी घरी गेलं होतं. तिसऱ्या भागाचा शेवट आठवत होता. मधलं सगळं पुसट.

“अरे, म्हणजे मी बघतसुद्धा नाहीये!”

तेच तर होतं. पुस्तक आणि पडदा, दोन्हींसमोर त्यांचं लक्ष सारखंच सुटत होतं. फरक एवढाच की पुस्तक थांबतं. मन भरकटलं की डोळे ओळीवरून घसरतात, पान पुढे जात नाही आणि आपण पकडले जातो. पडदा आपल्यासाठी थांबत नाही. दोन मिनिटं आपण मनाने कुठेही असलो तरी पात्रं बोलत राहतात, संगीत कुठे घाबरायचं ते सांगतं, कथा पुढे सरकते आणि आपण परत येऊन तिला धरतो. त्यामुळे तिथे जमतंय असं वाटतं.

आणि लक्ष का सुटत होतं? १९५९ मध्ये ईस्टरब्रूक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक मांडणी केली. मनाची उत्तेजना वाढत गेली की माणूस आजूबाजूच्या कमी कमी खुणा टिपतो, लक्षाचा घेर आवळतो. धोक्याच्या वेळी ते उपयोगाचंच असतं. मी ताईंना म्हटलं, “तुमचं लक्ष कुठे हरवलेलं नाही. ते सात महिने पहाऱ्यावर उभं आहे. मुलाला ताप आला का, आईच्या घरी कुणी बाहेरचं आलं का, नवरा शेजारच्या खोलीत खोकला का, हे सगळं ते ऐकत असतं.” त्यात वाचन हे डोक्याचं कष्टाचं काम. कागदावर फक्त काळ्या खुणा असतात. माणसं, आवाज, खोल्या सगळं आपण उभं करायचं, मागचं वाक्य धरून ठेवत पुढचं वाचायचं. वाक्य धरून ठेवायची डोक्यातली जागा मुळात लहान आणि काळजीही तिथेच बसते.

इथवर माझं ठीक होतं. मग मी एक चूक केली. ताई पट्टीच्या वाचक, तेव्हा सवय परत लावू या असा विचार करून मी त्यांना रोज वीस पानांचं लक्ष्य दिलं आणि रात्री दहानंतर पडदा बंद करायला सांगितलं.

८ ऑक्टोबरला त्या कॉलवर आल्या तेव्हा चेहरा पडलेला. पहिल्या दोन दिवशी वीस पानं झाली. तिसऱ्या दिवशी अकरा. पुढे त्यांनी पानं उलटली. “वाचली नाहीत मॅडम, उलटली. तुम्ही विचाराल म्हणून.” आणि त्या शरमेपायी रात्री अडीचपर्यंत सीरिज. ज्या माणसाला आधीच आपण खोटे आहोत असं वाटतंय, त्याच्या हातात मी आणखी एक परीक्षा दिली होती. मी त्यांची माफी मागितली. समुपदेशकाने चुकलं तर तसं म्हणायला हवं. त्यानंतरच्या बोलण्यात मोकळेपणा आला, हेही खरं.

मग लक्ष्य काढून टाकलं आणि वही आणली. अगदी साधी. तासातासाला एक ओळ: काय केलं. पुढे ० ते १० मधले दोन आकडे. एक, बरं किती वाटलं. दुसरा, जमलं असं किती वाटलं. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या नैराश्यावरच्या उपचारपद्धतीतून हे दोन आकडे आले आहेत. नैराश्यात माणसाचा दिवस आणि त्याची मनःस्थिती यांचं नातं पाहण्याची ही दिशा पीटर ल्युइनसन यांनी १९७० च्या दशकात पुढे नेली. आधी मन बरं होईल आणि मग मी कामाला लागेन, अशी वाट बघत बसण्याऐवजी दिवसात काय घडतंय ते आधी बघायचं आणि हलवता येईल तेवढं हलवायचं.

ताईंना मी एकच अट घातली. काही बदलायचं नाही. सीरिज बघायची तर बघा, फक्त लिहा.

१५ ऑक्टोबरचं सेशन मला अजून आठवतं. ताईंनी वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि वाचू लागल्या. सकाळी उठल्या उठल्या फोनवर रुग्णांचे आकडे, बरं १, जमलं ०. स्वयंपाक ४, ६. दुपारी परत आकडे. ग्रंथालयाच्या दोन दिवशी सगळेच आकडे जरा वर. रात्रीची सीरिज सुरुवातीला ६, मध्यरात्रीनंतर २. हे सगळं अपेक्षेसारखंच होतं. पण रोज संध्याकाळी सातच्या ओळीत ‘आईला फोन’ असं लिहिलेलं आणि पुढे आकडे ७, ८. कधी ८, ९.

“सातला काय होतं?”

“काही नाही, आईशी बोलते.”

“किती वेळ?”

“पाऊण तास. कधी जास्त. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन एप्रिलमध्ये ठरलं होतं ना, ते पुढे ढकललं. तिला वाचता येत नाही आता. मग मी वाचून दाखवते.”

मी दोन क्षण गप्प बसले. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया त्या वर्षी ठिकठिकाणी लांबणीवर पडल्या, त्यात मोतीबिंदूच्या अनेक होत्या. त्या लांबलेल्या ऑपरेशनपायी ही बाई गेले पाच महिने रोज पाऊण तास मोठ्याने वाचत होती आणि मार्चपासून मी काही वाचलेलं नाही, असं मला सांगत होती.

“ताई, काय वाचता आईला?”

“तिला आवडतात ती प्रवासवर्णनं. दोन झाली. आता एक पत्रांचं पुस्तक सुरू आहे.”

“म्हणजे दोन पुस्तकं पूर्ण झाली.”

“ती आईसाठी होती. ते काय वाचन नव्हे.”

मग मी विचारलं, त्या पत्रांच्या पुस्तकात काल काय होतं? ताईंनी न अडखळता सांगितलं. कोणी कोणाला लिहिलं, कशावरून रुसवा झाला, पुढच्या पत्रात त्याने कसं मनवलं, त्यावर आई काय म्हणाली. बोलता बोलता हसल्या. आठवण शाबूत होती. स्मृतिभ्रंशाची भीती त्या पाच मिनिटांत जितकी उतरली, तितकी माझ्या सगळ्या समजावण्याने उतरली नव्हती.

तिथे जमत होतं आणि एकटीने का जमत नव्हतं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मोठ्याने वाचताना वेग आपोआप कमी होतो, ओळ गाळता येत नाही. आपला आवाज आपल्याच कानावर पडतो. पलीकडे कान देऊन बसलेलं माणूस असतं. ताई म्हणाल्या, मी मध्ये मध्ये विचारते, “आई, ऐकतेस ना?” आणि ती “हं, पुढे” म्हणते. आणि मला वाटतं सगळ्यात मोठं कारण वेगळंच होतं. त्या पाऊण तासात पहाऱ्याची गरजच उरत नव्हती. ज्या आईची दिवसभर काळजी असायची, ती तेव्हा फोनच्या दुसऱ्या टोकाला श्वास घेताना ऐकू येत होती.

मला हा अनुभव इतक्या आवर्जून सांगावासा वाटतो तो यासाठी. आपण वाचन म्हणजे काय याची एक प्रतिमा धरून बसतो: एकटं, शांत, जाडजूड पुस्तक, रात्रीचा दिवा. त्यात बसत नाही ते मोजतच नाही. बाळाला गोष्ट वाचून दाखवणारी आई, आजोबांना पेपर वाचून दाखवणारा नातू, औषधाच्या डबीवरचं बारीक अक्षर लावणारा माणूस, हे सगळे “आमचं वाचन बंद पडलंय” म्हणतात.

पण एकटीचं वाचनही ताईंना हवं होतं. ते नेमकं कुठे हरवलं, याचा शोध घेताना कळलं की त्यांचं पंचवीस वर्षांचं वाचन घरातलं नव्हतंच. ते बसमधलं होतं. सकाळी आठ दहाची बस, जायला पस्तीस मिनिटं, यायला तितकीच. मार्चमध्ये बस थांबली आणि वाचनाची बसायची जागाच गेली. सवय आपल्या इच्छेपेक्षा जागेला आणि वेळेला जास्त बांधलेली असते. घरात ती खुर्ची होती जिथे बसून आकडे बघायचे, तीच खुर्ची मुलाच्या फोनची, तीच आता पुस्तकाची. तिथे बसलं की मन काळजीच काढायचं.

याच खुर्चीशी त्यांची दुसरी तक्रार जोडलेली होती. सप्टेंबर कुठे गेला तेच आठवत नाही, असं त्या म्हणायच्या. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली या संशोधकांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या लोकांवर एक प्रयोग केला होता. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, जमिनीवर पाठ केलेले जमिनीवर. आठवणीला जागेची खूण लागते. सगळा महिना एकाच खुर्चीत, एकाच प्रकाशात गेला तर एका दिवसाला दुसऱ्यापासून वेगळं करायला खूण राहत नाही. लॉकडाऊनमध्ये दिवस संपता संपत नव्हते आणि महिने मात्र कधी गेले कळलं नाही, असं कितीतरी जण म्हणत. त्यातलं बरंचसं कारण हे असावं असं मला वाटतं.

म्हणून १६ ऑक्टोबरपासून ताई बस पकडू लागल्या, बस नसताना. सकाळी आठ दहाला पर्स खांद्याला, चपला पायात, मास्क लावून इमारतीखालच्या बाकावर. पस्तीस मिनिटं. वाचलं तर वाचलं, नाहीतर झाडं बघितली. त्यांना सुरुवातीला लाज वाटली. चौथ्या दिवशी वहीत आकडा आला ५, ६. त्या पस्तीस मिनिटांचा दुसराही फायदा होता. शरदात दिवस आखडत जातो आणि घरातला दिवा कितीही लख्ख वाटला तरी त्याचा प्रकाश काहीशे लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) पुढे क्वचित जातो. बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा तो हजारांत असतो. शरीराचं घड्याळ लागतं ते त्या सकाळच्या उजेडावर. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतूंबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं, तेव्हापासून उजेडाकडे उपचार म्हणून पाहिलं जातं. ताईंना तो आजार नव्हता, पण झोपेची वेळ अलीकडे आणायला सकाळच्या त्या बाकाने मदत केली.

पुस्तक कोणतं घ्यायचं, यावरही बोलणं झालं. त्या दिवसांत साथीच्या रोगांवरच्या जाडजूड कादंबऱ्या वाचण्याची लाट होती आणि ग्रंथपाल म्हणून आपण त्या वाचायलाच हव्यात असं ताईंना वाटत होतं. उशाशी अशी एक कादंबरी जूनपासून पडून होती, साठाव्या पानावर खूण. मी म्हटलं, परत कपाटात ठेवा. आजूबाजूला जे चाललंय तेच रात्री पुन्हा उभं करायला मनात जागा लागते, ती आज नाही. त्यांनी त्याऐवजी कॉलेजात असताना वाचलेली रहस्यकथा काढली. खुनी कोण ते माहीत असलेली.

सीरिजचंही तसंच. मध्यरात्रीनंतर ताई जी मालिका बघत होत्या ती त्यांनी आधी दोनदा बघितलेली होती. हे सांगताना त्या फार ओशाळल्या. मला त्यात ओशाळण्यासारखं काही दिसत नाही. उद्या काय होणार याचा बाहेर कुणालाच अंदाज नसताना, जिचा शेवट आपल्याला ठाऊक आहे अशी गोष्ट बघावीशी वाटणं ही मनाची शहाणी निवड आहे. लहान मूल तीच गोष्ट रोज ऐकतं, ते तिच्यात काय होणार हे माहीत असतं म्हणूनच. मला काळजी मालिकेची नव्हती, वेळेची होती. दिवस नवऱ्याच्या कॉलचा, मुलाचा, घराचा. रात्री सगळे झोपल्यावरचे दोन तास तेवढे आपले, ते झोपेला कसे देऊन टाकायचे? हे मला फार बायकांनी सांगितलं आहे. तो वेळ हिसकावून घेतला तर उपाय टिकत नाही. तो अलीकडे आणावा लागतो. ताईंनी साडेनऊ ते अकरा हा वेळ घरात जाहीर करून मागितला. नवऱ्याने हो म्हटलं, आणि दोन-तीन दिवसांनी तोही शेजारी येऊन बसला.

थांबायचं कसं, याची एक युक्ती मात्र खरोखर कामाला आली. सीरिजच्या भागाचा शेवट आपल्याला पुढे ओढण्यासाठीच लिहिलेला असतो आणि ऑटोप्लेमुळे पुढचा भाग काही सेकंदांत आपोआप सुरू होतो. अर्धवट राहिलेलं काम माणूस संधी मिळताच पुन्हा हाती घेतो, हे मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८ मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं. भागाच्या शेवटी गोष्ट मुद्दाम अशीच अर्धवट सोडलेली असते, म्हणून भाग संपल्यावर थांबायचा निश्चय करू नये. भागाच्या मध्यावर, दोघं कुठेतरी चालत निघालेत, स्वयंपाकघरात भांडी आवरतायत अशा संथ प्रसंगात थांबायचं. ऑटोप्ले सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचा. ताई म्हणाल्या, “मधेच थांबलं की काही खेचत नाही, नवल आहे.”

रुग्णांच्या आकड्यांसाठी दिवसातून एकदाच, दुपारी तीनची वेळ ठरली. व्हिडिओ बातम्या नाहीत, फक्त वाचायच्या. आणि काळजीलाही वेळ दिली: संध्याकाळी पाच ते साडेपाच, कागद-पेन घेऊन. टॉम बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत तपासली होती. दिवसभर काळजी आली की तिला म्हणायचं, पाचला ये. ऐकताना बालिश वाटतं. करून बघा असंच मी सांगते.

१९ तारखेला ताईंच्या नवऱ्याला ताप आला. चाचणी झाली, अहवाल यायला दोन दिवस. तो एका खोलीत, ताई दुसऱ्या खोलीत, दारासमोर ताट ठेवायचं. बाक सुटला, वेळा सुटल्या, आकडे परत दर तासाला. वहीत दोन दिवस काहीच लिहिलेलं नाही, फक्त ‘७ वा. आई’. तेवढं एक चुकलं नव्हतं, आणि त्या दोन दिवशी आईला तापाबद्दल काही न सांगता त्यांनी पत्रं वाचली होती. अहवाल निगेटिव्ह आला. २२ च्या सेशनला ताई म्हणाल्या, “सगळं मोडलं मॅडम.” मी त्यांना विचारलं, आजचा सकाळचा बाक? “गेले होते.” मग काय मोडलं?

२९ ऑक्टोबरला आम्ही पूर्ण वही वाचून काढली. तीन आठवड्यांची. पत्रांचं पुस्तक संपायला थोडी पानं बाकी. रहस्यकथा संपलेली. एक छोटा ललित लेखांचा संग्रह अर्ध्यावर सोडलेला, आवडला नाही म्हणून, आणि सोडल्याचं वाईट वाटलं नाही असंही लिहिलेलं. ती मालिका तिसऱ्यांदा पूर्ण, शेवटचे भाग नवऱ्याबरोबर. ग्रंथालयात दारापाशी उभ्या असलेल्या एका मुलाला शोधून दिलेलं पुस्तक, ८, ९. झोप बहुतेक रात्री साडेअकराला. प्रश्नावलीचे गुण सौम्य पट्ट्यात आले होते. जाड कादंबरी कपाटातच होती. पुढचे कितीतरी महिने ती तिथेच राहिली. एकटीने सलग तासभर वाचणं त्यांना पुढच्या वर्षापर्यंत साधलं नाही, हेही सांगायला हवं. या कॉलला मात्र लॅपटॉप पुन्हा पूर्वीसारखा ठेवला होता आणि मागे कपाट दिसत होतं.

आईचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये झालं. दिसायला लागलं, पेपर स्वतः वाचायला लागल्या. ताईंना वाटलं, आता सातचा फोन पाच मिनिटांत आटपेल. मला त्यांनी जानेवारीत सांगितलं, फोन पाऊण तासाचाच आहे. आता एक पान आई वाचते आणि एक पान ताई. आई सावकाश वाचते, मधेच थांबते आणि विचारते, “ऐकतेस ना गं?”